वाचायचा मोदक

माणसाची अंगकाठी पाहून त्याच्या स्वभावाचा अंदाज बांधण्याची खोड आपणा सर्वांनाच असते. लठ्ठ माणूस हसतमुख असणार, काटकुळा माणूस चिकट असणार, असे आपण धरून चालतो आणि पुष्कळदा फसतो. अक्षरांच्या बाबतीतही आपण नकळत हेच करतो. मात्र तेथे सहसा फसत नाही. लग्नपत्रिकेवरचे वेलबुट्टीचे अक्षर, पंचांगातले दाटीवाटीचे अक्षर, कोर्टाच्या नोटिशीतले कोरडे अक्षर आणि फरसाणाच्या दुकानावरचे तुपकट अक्षर, यांतले कोणते आपल्याशी काय बोलणार आहे, हे वाचण्यापूर्वीच उमगलेले असते. मजकूर मागाहून येतो. अक्षराचा चेहरा आधी येतो.

अशाच एका चेहऱ्याची आज ओळख करून द्यायची आहे. त्याचे नाव 'मोदक'. आपण त्याला नावाने ओळखत नसाल. पण पाहिले असण्याचा संभव बराच आहे. मुलांच्या पुस्तकाच्या वेष्टनावर, खाऊच्या पुड्यावर, गणेशोत्सवातल्या बालमेळाव्याच्या फलकावर गुबगुबीत, गालफुगी आणि एकमेकांना खेटून बसलेली देवनागरी अक्षरे दिसली, तर थांबून नीट पाहावे. बहुधा तो मोदकच असतो.

छापखान्यातल्या टाइपाला संगणकावर आल्यापासून सगळे 'फाँट' म्हणू लागले. मोदक हा तसा एक फाँट. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या मंडळीने तो घडवला. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे हे त्याच्या देवनागरी वळणाचे कर्ते. २०१५ च्या सुमारास तो गूगलच्या अक्षरभांडारात दाखल झाला. तेथून तो कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतो. आजच्या काळात फुकटचा मोदक मिळणे ही काही सामान्य गोष्ट नव्हे.

या अक्षराची मौज कशात आहे? प्रथमदर्शनी वाटते, साधे अक्षर घेतले आणि फुगवले, झाले! पण तसे करून पाहावे. देवनागरी अक्षराच्या पोटात जी मोकळी जागा असते, तीच खरे म्हणजे अक्षराची ओळख असते. 'व'च्या पोटातला पांढरा ठिपका बुजवला, की तो 'व' राहत नाही. काळा गोळा होतो. रेघ जसजशी जाड करावी, तसतशी ही पांढरी जागा आक्रसते. रोमन लिपीत पुष्कळ अक्षरे उघडी असल्यामुळे जाडीला वाव तरी मिळतो. आपल्याकडे वर शिरोरेषा आहे, उजवीकडे दंड आहे, खाली उकार लोंबतो आहे, वर मात्रा आणि अनुस्वार बसले आहेत. चाळीतल्या खोलीत आधीच सात माणसे, आणि त्यांतले प्रत्येक जण वजनाने दुप्पट करायचे!

मोदकाच्या कर्त्यांनी ही अडचण मोठ्या युक्तीने सोडवली आहे. त्यांनी पांढरी जागा जवळजवळ काढूनच टाकली आणि तिच्याऐवजी केसाएवढी बारीक चीर ठेवली. कणकेच्या गोळ्यावर सुरीचे टोक अलगद फिरवावे, तशी ती चीर काळ्या आकारातून फिरते; आणि तेवढ्यावर 'म' हा 'म' आणि 'ळ' हा 'ळ' म्हणून ओळखू येतो. उकडीचा मोदक वळणाऱ्या गृहिणीला याचे मर्म लगेच कळेल. मोदकाचे रूप सारणाने येत नाही; पारीला पाडलेल्या मुखऱ्यांनी येते. मुखऱ्या नसल्या तर उरते ती नुसती उकडीची गोळी. या अक्षरांतही सगळे सौंदर्य त्या चिरांमध्ये आहे. नाव ठेवणाऱ्याने नाव अगदी विचारपूर्वक ठेवले आहे.

ही अक्षरे आधी हाताने कागदावर रेखली गेली आणि मग संगणकावर उतरवली गेली, ही गोष्टही महत्त्वाची आहे. यंत्राने जाड केलेले अक्षर सुजल्यासारखे दिसते. हाताने रेखलेले अक्षर बाळसे धरल्यासारखे दिसते. सूज आणि बाळसे यांतला फरक कोणत्याही आईला सांगावा लागत नाही.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे, तो शिकवताना मला या मोदकाची हटकून आठवण होते. समर्थांनी चांगल्या अक्षराची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत अक्षर वाटोळे असावे, सरळ असावे आणि मोकळे असावे असा आग्रह आहे. वाटोळेपणात मोदक पैकीच्या पैकी गुण मिळवील. मोकळेपणात मात्र साफ नापास होईल. पण त्याच समासात समर्थ आणखी एक गोष्ट मागतात. ग्रंथाच्या आरंभी जे अक्षर काढले, तेच ग्रंथ संपेपर्यंत टिकावे. सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे. टाइप म्हणजे दुसरे काय? त्या अपेक्षेची यंत्राने केलेली पूर्तताच ती. आणि तरुणपणी फार बारीक अक्षर लिहू नये, म्हातारपणी ते वाचता येत नाही, हा समर्थांचा इशारा तर मोदकाने जरा जास्तच मनावर घेतलेला दिसतो!

आता एक प्रश्न आपल्या मनात येईल. लहरी, नटवे अक्षर ही मराठीला काय नवी गोष्ट आहे? आमच्या दुकानांच्या पाट्या, नाटकांच्या जाहिराती, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे या सर्वांवर अशी अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. हे अगदी खरे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून दिवाळी अंक आणि चित्रकाराचा कुंचला यांची सोबत आहे. नाटकांच्या जाहिरातींत तर कमल शेडगे यांनी (१९३५-२०२०) नुसत्या नावाच्या वळणावरून नाटकाची जात सांगण्याची किमया केली. वर्तमानपत्राचे पान उघडताच हे नाटक हसवणार की रडवणार, हे त्यांचे अक्षरच सांगून टाकी. त्यांच्या पुस्तकाचे नावही 'कमलाक्षरे' असे मोठे समर्पक आहे.

परंतु पाटी रंगवणारा पेंटर आणि टाइप घडवणारा कारागीर यांच्या कामात एक मूलभूत फरक आहे. समजा, 'मत्स्यगंधा' हे नाव लिहायचे आहे. पेंटरला यातला 'त्स्य' एकदाच सुरेख काढायचा असतो. शेजारी 'म' आहे आणि पुढे 'गं' आहे, हे त्याला ठाऊक असते. त्यांना सांभाळून तो 'त्स्य'चा पाय थोडा आखडतो किंवा लांबवतो. टाइप घडवणाऱ्याला मात्र कोण, कधी, कोणता शब्द लिहील याची कल्पना नसते. त्याला 'त्स्य' आधीच करून ठेवावा लागतो. 'ह्म', 'द्ध', 'ज्ञ', 'ष्ट्र' आणि 'र्त्स्य'सुद्धा. प्रत्येकावर काना, मात्रा, वेलांटी आणि रफार बसला पाहिजे, आणि शेजारी कोणीही येऊन बसला तरी भांडण होता कामा नये. पेंटर एका पाहुण्याचे पान वाढतो. टाइपवाल्याला साऱ्या गावाची पंगत आधी मांडून ठेवावी लागते. म्हणूनच रोमनमध्ये जे काम शे-दोनशे चिन्हांत आटोपते, त्याला देवनागरीत कित्येक शेकडे आकार लागतात. आणि ते सगळे आकार मोदकाच्या अंगलटीचे हवेत!

हे देवनागरीचे जुनेच दुखणे आहे. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर पंचांग छापले. पुढे जावजी दादाजी यांनी 'निर्णयसागर' छापखाना १८६९ मध्ये उभारला, आणि राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराने कोरलेल्या ठशांतून असे देखणे खिळे पाडले गेले, की निर्णयसागरी अक्षर हे शुद्ध छपाईचे दुसरे नाव होऊन बसले. पण त्या देखणेपणासाठी जुळाऱ्याला केवढी मोठी केस पुढ्यात घेऊन बसावे लागे! खिळे कमी कसे करावेत या विवंचनेत लोकमान्य टिळकांसारख्यानेही आपला अमूल्य वेळ खर्च केला. ज्या लिपीत पोटापाण्याचा मजकूर जुळवतानाच जुळाऱ्याचा दम उखडत होता, तिच्यात हौसेचे, गमतीचे टाइप पाडायला कोण धजणार? म्हणून पुस्तकाच्या आत शिशाचे गंभीर अक्षर, आणि हौस सगळी कुंचल्याच्या हाती, अशी वाटणी होऊन बसली.

मग कुंचला गेला. फ्लेक्सचे छापील फलक आले. पेंटरचा एक दिवसाचा हिशेब आणि यंत्राचा दहा मिनिटांचा हिशेब यांत पेंटर हरणार हे ठरलेलेच होते. संगणकावर देवनागरीचे चांगले साधे अक्षर होते, र. कृ. जोशी यांच्यासारख्या कवी-सुलेखनकाराने घडवलेला 'मंगल' घरोघरच्या संगणकांत जाऊन बसला होता. परंतु गमतीचे अक्षर म्हणाल, तर त्याचा मोठाच दुष्काळ होता. जी काही होती, त्यांतल्या कित्येकांत जोडाक्षरे धड नव्हती. रफार एकीकडे, अक्षर दुसरीकडे. शिवाय त्या जुन्या फाँटांत लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर गेला, की त्याचे अगम्य कडबोळे होई. मोदकासारखी अक्षरे आली ती या पोकळीत, आणि युनिकोडच्या सर्वमान्य पद्धतीने आली. युनिकोडात मजकूर वेगळा राहतो आणि अक्षराचा पोशाख वेगळा राहतो. एकाच वाक्याला आज मोदक नेसवावा आणि उद्या साधे धोतर. वाक्याला काही इजा होत नाही.

या सोयीचा प्रत्यय मला एका दुःखाच्या प्रसंगी आला. आमच्या भागात अनेक वर्षे घरोघर वर्तमानपत्र टाकणारे एक काका वारले. त्यांचा मुलगा श्रद्धांजलीच्या फलकाचा नमुना फोनवर घेऊन माझ्याकडे आला. "बाई, तुम्ही मराठीच्या. शुद्धलेखन तेवढं बघून द्या," म्हणाला. शुद्धलेखन बिनचूक होते. पण 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही अक्षरे अशीच गुबगुबीत, गाल फुगवून बसलेली होती, आणि खाली काकांचा फोटो होता. मी विचारले, "अरे, हे अक्षर कोणी निवडलं?" तो म्हणाला, "मीच. जाड आहे ना, लांबून दिसेल. बाबांना सगळ्यांनी बघावं असं वाटत होतं." त्याच्या बोलण्यात गैर काहीच नव्हते. मी एवढेच म्हटले, "दिसेल रे, पण हसल्यासारखं दिसेल." त्याने पुन्हा पाहिले आणि क्षणभर गप्प राहिला. मग तेथेच बसून त्याने अक्षर बदलले. पुरते एक मिनिटसुद्धा लागले नाही. साध्या, सरळ अक्षरात काकांचे नाव आले, आणि तो फोटोतला माणूसच बदलल्यासारखा वाटला.

संस्कृत साहित्यशास्त्रात अकराव्या शतकातल्या क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचा प्राण मानले. दागिना कितीही मोलाचा असला, तरी तो जागच्या जागी असेल तरच शोभतो, हा त्याच्या विवेचनाचा गाभा. टाइपांचे अगदी असेच आहे. अक्षर मुळात चांगले की वाईट, हा प्रश्न अर्धवट आहे. कोठे आणि कोणासाठी, हे विचारल्यावाचून तो पुरा होत नाही.

विलायतेतही या औचित्यावरून केवढा गदारोळ झाला! 'कॉमिक सॅन्स' नावाचा एक रोमन टाइप आहे. मायक्रोसॉफ्टमधल्या व्हिन्सेंट कॉनेअर यांनी तो १९९४ मध्ये घडवला. मुलांसाठीच्या एका संगणक-कार्यक्रमात चित्रातला कुत्रा बोलत असे, आणि त्याच्या तोंडचे शब्द मात्र 'टाइम्स न्यू रोमन' या वर्तमानपत्री अक्षरात असत. कुत्र्याने संपादकीय थाटात बोलावे, हे कॉनेअर यांना खटकले. म्हणून त्यांनी चित्रकथांतल्या हस्ताक्षराच्या वळणाचा टाइप रेखला. हेतू अगदी निर्मळ होता. पण पुढे तो प्रत्येक संगणकाबरोबर मिळू लागला, आणि लोकांनी तो कचेरीच्या नोटिशीपासून इस्पितळाच्या पाटीपर्यंत सर्वत्र वापरला. शेवटी त्याच्यावर बंदी घाला म्हणून चळवळ निघाली! आणि ४ जुलै २०१२ रोजी 'सर्न'च्या शास्त्रज्ञांनी हिग्ज कणाचा शोध जाहीर केला, तेव्हा फाबिओला जानोत्ती यांच्या निवेदनातली अक्षरे नेमकी कॉमिक सॅन्स होती. विश्वाच्या घडणीचे रहस्य उलगडत असताना जगातली निम्मी चर्चा अक्षराच्या वळणावर चालली होती. अक्षराचा पोशाख लोक किती मनावर घेतात, याचे याहून मोठे प्रमाण कोणते?

मग या मोदकाचा खरा उपयोग कोठे? माझ्या मते त्याची खरी जागा मुलांच्या जगात आहे, आणि हा प्रश्न वरवर दिसतो तेवढा हलका नाही.

माझी धाकटी भाची इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते. तिच्या कपाटातल्या इंग्रजी पुस्तकांची नावे पाहावीत: एकातली अक्षरे ढगांची, दुसऱ्यातली दोरीवर वाळत घातलेली, तिसऱ्यातली उंदराने कुरतडलेली. रोमन अक्षर तिला खेळगडी म्हणून भेटते. मराठी अक्षर मात्र भेटते ते पाठ्यपुस्तकात आणि प्रश्नपत्रिकेत, नेहमी एकाच कडक इस्त्रीच्या पोशाखात. जो माणूस आपल्याला नेहमी परीक्षा घेतानाच भेटतो, त्याच्याशी कोणाची मैत्री व्हायची? तिला मराठी बोलता येते, समजते, हसूही येते. पण वाचायला बसवले की ती पाणी प्यायला उठते.

एकदा मी तिच्यासाठी चार-पाच शब्द मोदक अक्षरात मोठे छापून आणले: 'ढब्बू', 'गुलाबजाम', 'भोपळा', 'लठ्ठ'. तिने कागद हातात घेतला आणि म्हणाली, "मावशी, ही अक्षरं चावता येतील!" मग बोटाने एकेका चिरेवरून फिरत तिने 'ढब्बू' वाचला. 'ठ्ठ'पाशी अडली, पण पाणी प्यायला उठली नाही. "याच्या पोटात अजून एक 'ठ' आहे का?" असे तिने विचारले. जोडाक्षराची याहून चांगली व्याख्या मला वीस वर्षांच्या अध्यापनात सुचलेली नाही.

अर्थात्, अक्षर गोल केल्याने भाषा जगते, असे मी म्हणणार नाही. भाषा घरात बोलल्याने, गोष्टी सांगितल्याने आणि पुस्तके विकत घेतल्याने जगते. अक्षराचे काम दारात उभे राहून "या, आत या" म्हणण्याचे. पण ज्या घराच्या दारात नेहमी पहारेकरीच उभा असतो, तेथे मूल आपणहून पाऊल टाकत नाही, हेही तितकेच खरे.

म्हणून घरी, शाळेत, सोसायटीच्या फलकावर हे अक्षर वापरणाऱ्यांना दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. मोदक एका वेळी दोन-तीनच खावेत. तसेच हे अक्षर दोन-तीन शब्दांपुरतेच ठेवावे. शीर्षकाला ते शोभते. परिच्छेदाला बसवले तर वाचणाऱ्याला अजीर्ण होते. ते मोठे वापरावे. बारीक केले तर त्या चिरा मिटतात, आणि खरखरीत कागदावर शाई पसरून उरल्यासुरल्याही बुजतात. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतला भेद शिरोरेषेतल्या छोट्याशा खिंडीवर अवलंबून असतो. तेव्हा अक्षरओळख नुकती होत असलेल्या मुलाला आधी साधे अक्षर दाखवावे आणि मग हे. खालच्या मजकुराला साधे, शांत अक्षर द्यावे. याच 'एक टाइप' मंडळींचा 'मुक्त' त्या कामाला उत्तम आहे. औषधाच्या सूचना, परीक्षेचे वेळापत्रक आणि शोकप्रसंग येथून मोदकाला दूरच ठेवावे.

जाता जाता या मोदकाच्या एका चुलत घराण्याची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. त्याच मंडळींनी 'बालू' नावाचा आणखी एक गमत्या टाइप केला. तो देवनागरीपुरता राहिला नाही. तमिळ, बंगाली, गुजराती अशा कितीतरी भारतीय लिप्यांत गेला. प्रत्येक लिपीतल्या भावंडाला त्या त्या भाषेतली भावाची हाक नाव म्हणून मिळाली. गुजरातीतला 'बालू भाई', बंगालीतला 'बालू दा', गुरुमुखीतला 'बालू पाजी', तमिळमधला 'बालू तंबी', तेलुगूतला 'बालू तम्मुडू', मल्याळममधला 'बालू चेट्टन' आणि उर्दूतला 'बालू भाईजान'. सगळ्यांचा तोंडवळा एक, वळण मात्र ज्याच्या त्याच्या घरचे.

 भाऊबीजेला घरातल्या मुलांना ओवाळणीच्या पाकिटावर त्यांची नावे मराठीत, मोठ्या, गुबगुबीत अक्षरांत लिहून द्या. फाँट हाताशी नसला तर हातानेच लिहा. जाड रेघ काढावी आणि मध्ये बारीक चीर ठेवावी, एवढीच कृती आहे. आपले नाव आपल्या लिपीत इतके गोजिरे दिसते, हे एकदा मुलाला कळले, की पुढचे पान ते आपण होऊन उलटील.